थीम पार्कच्या दारातील झडती: उपयोगाची की देखाव्याची?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. नातवंडांच्या हट्टाखातर ऑरलँडोमधील एका मोठ्या थीम पार्कला गेलो, तेव्हा तिकिटाच्या आधीच सुरक्षा तपासणीची रांग लागली. छत्री, चष्म्याचे घर आणि स्टीलची बाटली हातात समोर धरून एका यंत्रामधून चालत जावे लागले आणि तरीही सौभाग्यवतींची पर्स बाजूच्या टेबलावर रिकामी करून पाहिली गेली. सूनबाई म्हणतात, लहान मुलांच्या ठिकाणी हे झालेच पाहिजे; मुलाच्या मते हा निव्वळ देखावा आहे. आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माझे मत सूनबाईंकडे झुकते. मात्र त्यामागे दहशतवादाच्या भीतीपेक्षा फ्लोरिडातील शस्त्रविषयक कायद्याचा विचार अधिक आहे. १ जुलै २०२३ पासून त्या राज्यात पात्र प्रौढ व्यक्तीला परवाना न काढताही कपड्यांत किंवा पिशवीत लपवून पिस्तूल जवळ बाळगता येते. त्याआधीही परवानाधारकांची संख्या मोठी होती. अशा ठिकाणी सहलीला निघालेल्या एखाद्या सभ्य गृहस्थाच्या पाठपिशवीत डायपर आणि सनस्क्रीनच्या शेजारी भरलेले पिस्तूल असणे अजिबात अशक्य नसते. ‘काढून ठेवायचे विसरलो’ असे सांगणारे पाहुणे दारात पकडले गेल्याच्या बातम्या तिथे अधूनमधून येतात. आता दुपारचे कडक ऊन, तासाभराची रांग, कोणीतरी मध्ये घुसल्यावरून जुंपलेले भांडण आणि त्यातील एकाच्या कमरेला पिस्तूल, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. दारातील तपासणीमुळे अशा भांडणाची मजल फार तर हातघाईपर्यंत जाते. माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा उपयोग हाच आहे.

ही व्यवस्था मात्र उभी राहिली ती दहशतवादाच्या धक्क्यांतून. ११ सप्टेंबर २००१ नंतर डिस्नेच्या पार्कांत पिशव्या उघडून पाहणे सुरू झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे हल्ले झाल्यावर त्याच डिसेंबरात डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड या तिघांनीही प्रवेशद्वारांवर मेटल डिटेक्टर आणले. डिस्नेने त्याच वेळी खेळण्यातल्या बंदुकांची विक्री थांबवली आणि १४ वर्षांवरील पाहुण्यांना पात्रांचे पोशाख घालून येण्यास मनाई केली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१६ मध्ये, पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमधील एका हॉटेलच्या दारातील तपासणीत एका माणसाजवळ दोन पिस्तुले सापडली. स्वसंरक्षणासाठी ती बाळगल्याचे त्याने सांगितले. हेतू काहीही असो, ती पिस्तुले सामानाबरोबर हॉटेलच्या खोलीत पोहोचली नाहीत, एवढे श्रेय त्या दारावरच्या यंत्राला द्यायलाच हवे.

आता आपल्या चिरंजीवांचा मुद्दा. जून २०१६ मध्ये ऑरलँडोतील पल्स या नाइट क्लबमध्ये एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांचा बळी घेतला. २०१८ मध्ये त्याच्या पत्नीवर जो खटला चालला (त्यात ती निर्दोष सुटली), त्यात सरकारी वकिलांनी असे मांडले की त्याचे मूळ लक्ष्य डिस्ने स्प्रिंग्ज हा खरेदीचा आणि खाण्यापिण्याचा परिसर होते. बंदूक लहान मुलाच्या बाबागाडीत लपवून नेण्याचा त्याचा बेत होता. परंतु तिथे पोलीस दिसल्यावर तो दुसरीकडे वळला. ही हकीकत दोन्ही बाजूंनी वाचता येते. दिसणारा बंदोबस्त हल्लेखोराला परतवतो, हे त्यातून कळते. परतलेला हल्लेखोर घरी जातोच असे नाही, हेही त्यातूनच कळते. पार्कच्या मालकाच्या हिशेबात ती सुरक्षा शंभर टक्के वसूल झाली. शहराच्या हिशेबात काय झाले, हे ४९ कुटुंबांना ठाऊक आहे. थीम पार्कमधील तपासणी ‘उपयोगाची’ आहे असे कोणी म्हटले की ती कोणाच्या उपयोगाची, असे म्हणूनच मी आधी विचारतो.

यंत्राबद्दलही दोन शब्द. फोन-किल्ल्या खिशातच ठेवून न थांबता चालत जाण्याची सोय देणारे नवे स्कॅनर धातूच्या वस्तूचा आकार आणि घडण यांवरून शस्त्राचा अंदाज बांधतात. छत्री किंवा चष्म्याचे कडक घर त्यांना संशयास्पद वाटू शकते, म्हणून आपल्याला त्या वस्तू हातात समोर धरायला लावल्या. अशा यंत्रांची विक्री करणाऱ्या इव्हॉल्व्ह या कंपनीवर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कारवाई केली. आपले यंत्र शस्त्रे ओळखते आणि निरुपद्रवी वस्तू सोडून देते, असे तिने वाढवून सांगितल्याचा आरोप होता. न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेत विद्यार्थ्याने सात इंची सुरा या यंत्रातून आत नेल्याचा आणि तो पुढे एका मुलावर चालवल्याचा दाखला तक्रारीत होता. तडजोडीत कंपनीला असे निराधार दावे करण्यास मनाई झाली. तेव्हा सौभाग्यवतींची पर्स टेबलावर हाताने तपासली गेली, याचा राग मानू नये. तिथल्या साऱ्या प्रक्रियेत तेच काम मला सर्वांत विश्वासार्ह वाटते.

प्रश्न : तपासणीसाठी दारात शेकडो लोक एकत्र अडवून ठेवले जातात. मग ती रांगच सोपे लक्ष्य होत नाही का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : होते, आणि हा आक्षेप केवळ कल्पनेतील नाही. डिसेंबर २०१३ मध्ये रशियातील व्होल्गोग्राड रेल्वे स्थानकात आत्मघाती स्फोट झाला तो प्रवेशद्वारातील मेटल डिटेक्टरपाशीच. २२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर अरीना येथे संगीताच्या कार्यक्रमानंतर स्फोट होऊन २२ जण मृत्युमुखी पडले. तोही सभागृहात झाला नव्हता. पालक मुलांना न्यायला थांबतात त्या बाहेरच्या दालनात झाला. नंतरच्या सार्वजनिक चौकशीत जे पुढे आले ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. पाठीवर मोठी सॅक घेऊन बसलेल्या हल्लेखोराविषयी स्फोटाआधीच एका पालकाने तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितले होते. एका तरुण सुरक्षारक्षकालाही शंका आली होती, पण आपण वंशद्वेषी ठरू या भीतीने तो कचरला, आणि संदेश नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचलाच नाही. यंत्राची तिथे कमतरता असेलही. शंका आल्यावर ती कोणाला आणि कशी सांगायची हे रक्षकाला शिकवलेले नव्हते, ही उणीव मला त्याहून मोठी वाटते.

यावर पूर्ण उपाय नाही. रांग पातळ करणे आणि ती एकाच जागी साचू न देणे एवढेच हाती असते. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या पार्कने २०१७ मध्ये मुख्य दारासमोरची तपासणी मागे नेली आणि मोनोरेल व फेरीबोट जिथून सुटतात तिथे, तसेच जवळच्या हॉटेलांच्या स्थानकांवर ती विभागून टाकली. त्यामुळे दारासमोरचा एकच मोठा जमाव अनेक लहान रांगांत वाटला गेला. थीम पार्कांच्या सुरक्षेतील मला माहीत असलेला हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे.

प्रश्न : आपल्याकडील पार्क, मॉल आणि वॉटर पार्कच्या दारात होणाऱ्या तपासणीला काही अर्थ आहे का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : ज्या रीतीने ती होते त्या रीतीने फारसा नाही. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाणारा प्रत्येक जण ‘पीं’ असा आवाज करून जातो आणि कोणालाही थांबवले जात नाही. रक्षक हातातले यंत्र कमरेभोवती फिरवतो, ते वाजते, आणि तो मानेनेच ‘जा’ म्हणतो. गाडीखाली आरसा फिरवला जातो, डिकी उघडून पुन्हा आपटली जाते, मात्र मागच्या सीटवरच्या बॅगेकडे कोणी पाहत नाही. त्याच दारात घरून आणलेल्या दशम्या आणि चिवडा मात्र अचूक सापडतो! बाहेरचे खाद्यपदार्थ नाकारण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांच्या बाबतीत मान्य केला आहे, त्यामुळे पार्कचालकांनीही तशी अट घातली तर त्यात नवल नाही. पण त्या झडतीला सुरक्षा म्हणू नये, कारण डबा शोधायला सांगितलेला माणूस डबाच शोधतो.

धोका आपल्याकडे नाही असे मी म्हणणार नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत ठेवलेल्या बॅगेतील स्फोटाने १७ जणांचे प्राण घेतले. बेवारस बॅगेकडे पाहणारा दक्ष रक्षक म्हणून आपल्याकडे आवश्यकच आहे. मात्र खाजगी बंदुका इथे फ्लोरिडासारख्या सर्रास नसल्यामुळे पहिल्या उत्तरातील माझा मुख्य युक्तिवाद आपल्या पार्कांना तितकासा लागू होत नाही. आपल्याकडची करमणुकीची ठिकाणे जीवघेणी ठरतात ती वेगळ्या कारणांनी. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला वेल्डिंगच्या ठिणग्यांतून आग लागली आणि २७ जण गेले. तिथे अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते, इंधनाचा साठा मात्र होता. पार्कच्या व्यवस्थापनाकडे सुरक्षेसाठी ठरावीकच पैसा असेल, तर त्यांनी आधी आपत्कालीन दारांची कुलुपे काढावीत, पाळण्यांची रोजची तपासणी लेखी नोंदवावी, आणि उरलेल्या रकमेतून दारावर चार नव्या चौकटींऐवजी नीट शिकवलेले, वेळेवर पगार मिळणारे दोन रक्षक ठेवावेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिकीट खिडकीवर अग्निशमन प्रमाणपत्राची मुदत विचारून पाहा. ती विचारणारा ग्राहक खिडकीवरच्या मुलाला बहुधा पहिल्यांदाच भेटत असेल.