शिवण शिकल्याने स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी होते का?

तुम्ही लिहिलंय की बाळ दीड वर्षाचं झालं तरी जुने कपडे अंगात शिरत नाहीत, ट्रायल रूममध्ये डोळे भरून येतात, आणि आता शिवणक्लास लावायचा विचार आहे. त्याने आरशातल्या स्वतःशी जमवून घेता येईल का, हा तुमचा प्रश्न.

येईल, पण आधी थोडं जास्तच बोचेल. शिवणात पहिलं काम टेप हातात घेण्याचं असतं. ज्या पोटाकडे बघायचं आपण टाळतो त्याच्याभोवती टेप गुंडाळायची आणि आकडा वहीत लिहायचा. तोही खरा, कारण पोट आत ओढून दिलेल्या मापाचा कुर्ता मांडी घालून बसलं की उसवतो. कंबर शोधायला एक नाडी सैलसर बांधून डावीकडे-उजवीकडे वाकायचं. ती जिथे जाऊन थांबते ती कंबर. सलवारीचा नेफा येतो ती जागा बहुतेकींची खाली असते. मापं दुसऱ्या कुणाकडून घेतलेली बरी, स्वतः घेताना हात वर जातात आणि आकडे फिरतात.

डोंबिवलीच्या आमच्या क्लासमध्ये आम्ही एकमेकींची मापं घ्यायचो. सुरुवातीला सगळ्याजणी आकडा कुजबुजत सांगायच्या, वहीवर हात आडवा ठेवायच्या. पुढे पुढे "माझी सीट 44, तुझी?" (सीट म्हणजे नितंबांचा घेर) हे कोथिंबिरीची जुडी कितीला मिळाली विचारावं इतक्या सहज चालायचं.

मला खरा फरक पडला तो ब्लाउजमुळे. माझा ब्लाउज वर्षानुवर्षं खांद्यावरून घसरायचा आणि छातीवर मात्र हूक ताणले जायचे. टेलर म्हणायचे, "मॅडम, तुमचे खांदेच उतरते आहेत." मीही ते मान्य करून सेफ्टी पिना लावत होते. कटिंग शिकल्यावर कळलं की आपल्याकडच्या बऱ्याच पद्धतींत छातीच्या एका मापावरून बाकीचं पुष्कळ काही काढतात: मुंढ्याची (बाही जोडतात त्या भागाची) खोली, गळ्याची रुंदी, कधी कधी शोल्डरसुद्धा. माझी छाती 39, पण टेप काखेतून छातीच्या वरच्या बाजूने फिरवली तर 35. म्हणजे 39 च्या हिशोबाने कापलेला ब्लाउज छातीला पुरला-न पुरला तरी खांद्यांना माझ्यापेक्षा थोराड बाईचा व्हायचा.

यावरचा उपाय सोपा आहे, फक्त टेलरला तेवढा वेळ नसतो. ड्राफ्ट, म्हणजे कागदावरचा आराखडा, छातीच्या वरच्या बाजूच्या मापाच्या बेताने काढायचा. वरचं माप 35 असेल तर छाती साधारण 37 गृहीत धरतात, म्हणजे मला 2 इंच कमी पडतात. ते पुढच्या दोन भागांत एकेक इंच वाटून द्यायचे. खाकी कागदावरचा पुढचा भाग टकच्या (छातीला फुगवटा देणाऱ्या शिवलेल्या चिमटीच्या) टोकापर्यंत कापायचा, फट उघडायची, मागून कागदाची पट्टी चिकटवायची. टक खोल होतो, खांदा होता तेवढाच राहतो. भरलेल्या छातीला कटोरी ब्लाउज चांगला बसतो तोही याच कारणाने. फुगवटा वेगळ्या तुकड्यांतून येतो, शोल्डरला हात लावावा लागत नाही.

हे सगळं आधी मांजरपाटावर करून बघायचं. कच्ची टीप मारून अंगात घालायचं आणि आरशासमोर उभं राहून सुरकुत्या बघायच्या. ताणलेल्या सुरकुत्या जिथे कापड कमी पडतंय तिकडे बोट दाखवतात, सैल लोंबणारी घडी म्हणजे तिथे कापड जास्त. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो, तोही तेव्हाच दिसतो. माझा उजवा खाली आहे. मग त्या बाजूला पाव इंच आत घ्यायचं, टाचणी लावायची, पुन्हा बघायचं. तासभर आरशासमोर असतो आपण, आणि "मी किती बेढब" हे म्हणायला सवडच मिळत नाही, कारण पुढची टाचणी कुठे लावायची ते बघायचं असतं.

ट्रायल रूमचं म्हणाल तर एम-एल-एक्सएलला इतकं मनावर घेऊ नका. कंपन्या एका ठरावीक अंगाच्या बाईवर नमुना बसवतात आणि तोच इंचाइंचाने मोठा-लहान करत नेतात. अमेरिकेत 1939-40 साली सरकारी उपक्रमात सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली, 1941 मध्ये ती छापली आणि तिथल्या साइझ पुढे त्यावर बेतल्या गेल्या. हिशोबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाइझ' नावाने 25,000 लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचं काम हाती घेतलं ते अगदी अलीकडे. (माझ्या आजीच्या खणाच्या चोळीला पुढे गाठ असायची. चार महिन्यांत अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. तिला साइझ विचारली असती तर ती हसली असती.)

जे बदललं नाही तेही सांगते. लग्नात मावशी अजून "किती सुटलीस गं!" म्हणते आणि ते अजून लागतं. फोटो बघताना आधी स्वतःचे दंडच दिसतात. हे शिवणाने जात नाही, निदान माझं गेलं नाही. आणि तुमच्या बाबतीत जेवण टाळणं, घराबाहेर पडणं नकोसं होणं, बाळंतपणापासूनची उदासी असं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. क्लास कुठे पळून जात नाही.

एका सापळ्यापासून जपा. चांगलं कापड "पाच किलो उतरले की शिवू" म्हणून कपाटात ठेवायचं नाही. आजच्या मापाने कापायचं. वजन हलेल ही भीती असेल तर बाजूच्या शिलाईत दीड इंच माया (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवा आणि आत दोन-तीन टिपा मारून ठेवा, लागेल तशी एकेक उसवता येते. अंगावर पाजत असाल तर छातीचं माप दिवसभरातही कमी-जास्त होतं, त्यामुळे ब्लाउज सध्या नकोच. आधी इलॅस्टिकचा पायजमा, मग सरळ कुर्ता. तुमच्याकडचा त्यातल्या त्यात बरा बसणारा कुर्ता कागदावर पसरून त्याचाच छाप काढा. मशीन लगेच विकत घेऊ नका, क्लासच्या पायमशीनवर हात बसू द्या.

कापड मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून किंवा जवळच्या कट पीसच्या दुकानातून घ्या. सुती घ्या, सुळसुळीत कापड नवशिक्याच्या हातातून सटकतं. आणि दुकानदाराने "तुम्हाला डार्कच चांगलं दिसेल" म्हणून काळा-निळा गठ्ठा पुढे टाकला, तर त्याला वरच्या फळीवरचा पिवळा काढायला लावा.