“मग हाताला चारच बोटं राहणार ना हो?”

हाताच्या शस्त्रक्रिया विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. या वेळी तो एका आजींनी विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चौदा महिन्यांची नात मांडीवर होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा शेंगदाण्याएवढा, आत हाड नाही, नुसत्या कातडीच्या दोरीवर लोंबणारा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा अंगठा काढायचा आणि तर्जनीचं हाड आखूड करून, ती वळवून अंगठ्याच्या जागी बसवायची.

आजींना ते पटेना. “देवानं एक बोट अर्धं दिलं, तुम्ही दुसरंही घेताय.” मुलीची आई गप्प होती. तिच्या गप्प बसण्याचं कारण नंतर कळलं. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं असताना तिनं भाजी चिरली होती आणि घरात दीड वर्ष तेच ऐकवलं जात होतं. मी सगळ्यांसमोरच सांगितलं, बाळाचा हात पोटात चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतो. सातव्या महिन्यात तो केव्हाच घडून झालेला होता. ताई, यात तुमची काही चूक नाही. ती रडली. मी मध्ये काही बोलले नाही, तिला रडू दिलं.

वडिलांचे प्रश्न वेगळे होते. पायाचं बोट लावता येणार नाही का? ते लावायलाही हातात बुंधा लागतो, म्हणजे सांधा आणि जोडायला स्नायूंच्या दोऱ्या. इथे तो बुंधाच तयार झाला नव्हता. तर्जनी मात्र स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि नसांसकट सरकते, त्यामुळे बोटाची स्पर्शाची जाण शाबूत राहते. अंगठा नुसताच बारीक असेल आणि बुडाचा सांधा पक्का असेल, तर तोच सुधारता येतो. म्हणून शेजारच्या मुलावर काय उपचार झाले ते ऐकून ठरवू नये. “हा प्रयोग तर नाही ना?” नाही. जर्मनीतल्या डॉ. डीटर बुक-ग्रामको यांनी १९७१ मध्ये या शस्त्रक्रियेची पद्धत तपशीलवार मांडली. आधी हृदय, मूत्रपिंड आणि रक्त तपासतात, कारण या व्यंगासोबत कधी कधी तिथेही दोष असतो. हिचं सगळं ठीक निघालं.

आजी अजून तिथेच अडलेल्या. मग मी टेबलावर चार चुरमुरे टाकले.

पोरगी वाकली. लोंबत्या अंगठ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. तर्जनी आणि मधलं बोट कात्रीसारखं जवळ आणून तिनं चुरमुरा चिमटला नि तोंडात टाकला. दुसरा, तिसरा. “आजी, तर्जनी जराशी वळलीय बघा. अंगठ्याचं काम कुणाला द्यायचं ते हिनं ठरवून टाकलंय. डॉक्टर त्या बोटाला फक्त नीट जागा देणार.” आजींनी तो हात उलटसुलट करून बराच वेळ पाहिला.

गोड गोड सांगून मी कुणाला तयार करत नाही. नवा अंगठा थोडा लांब, सडपातळ दिसेल. जोर जन्मजात अंगठ्याएवढा येणार नाही. तर्जनीचे सांधे जितके मोकळे, तितकं काम चांगलं. हिचे मोकळे होते. बोटं चारच राहतील आणि शाळेत पोरं विचारतील. त्याचं साधं उत्तर घरच्यांनी आधी स्वतः न अडखळता द्यायला शिकावं. “मोठी झाल्यावर बघू” हा सल्ला मात्र मला मनापासून खटकतो. कात्रीची सवय मुरायच्या आधी, साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षात शस्त्रक्रिया झाली तर मूल नवी पकड खेळताखेळता शिकतं.

शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे प्लास्टर, मग घरी मातीचे गोळे, मणी, डब्यांची झाकणं. वर्षभरानं आजी एकट्याच नातीला घेऊन तपासणीला आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच तक्रार सुरू झाली.

“मॅडम, काय सांगू, माझी मिश्रीची डबी उघडली हिनं. त्याच हातानं. सगळी अंथरुणात सांडली!”