आघाडी करायची तर आधी काय ठरवायचं

प्रिय,

तुझा ड्राफ्ट वाचला. आघाडी म्हणजे नुसती खुर्च्यांची सौदेबाजी आणि ती संपली की अपयश, असं सरळ लिहून मोकळा झालायस, ते काही पटलं नाही मला. 1962 चं उत्तर ऱ्होडेशिया बघ, म्हणजे आजचा झांबिया. ब्रिटिशांनी घटनाच अशी केली होती की मूठभर गोऱ्यांच्या मतांना भलतंच वजन, आणि काही जागांवर तर गोऱ्या आणि आफ्रिकी अशा दोन्ही मतदारांची किमान मतं मिळवायची अट, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच रिकाम्याच राहिल्या. शेवटी गोऱ्यांच्या यूएफपी (युनायटेड फेडरल पार्टी) या पक्षाला 16, केनेथ काउंडांच्या यूनिप (युनायटेड नॅशनल इंडिपेंडन्स पार्टी) या आफ्रिकी पक्षाला 14 आणि हॅरी न्कुंबुलांच्या एएनसी (तिथली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) या दुसऱ्या आफ्रिकी पक्षाला 7 जागा.

न्कुंबुला म्हणजे काउंडांचे जुने नेते. 1958 मध्ये काउंडा त्यांच्यापासून फुटले होते, कार्यकर्त्यांची डोकी फुटत होती, त्यात या निवडणुकीत न्कुंबुलांनी यूएफपीशी समझोता केलेला. तरी काउंडांनी त्यांना बरोबरीने मंत्रिपदं दिली, तीन आपली तीन त्यांची, दुप्पट जागा असून! तुझ्या हिशोबात हा तोटा. मी म्हणतो त्या वर्षातला सगळ्यात शहाणा निर्णय, कारण ते सात जण पलीकडे गेले असते तर सरकार पुन्हा गोऱ्यांचंच, आणि दक्षिण ऱ्होडेशियाशी (आजचा झिंबाब्वे) बांधून ठेवणारं फेडरेशन, म्हणजे संघराज्य, मोडायचं, नवी घटना आणायची, हे कामच अडलं असतं. एवढ्या दोन गोष्टींवर दोघांचं एकमत होतं, बाकी भांडणं तशीच होती.

31 डिसेंबर 1963 ला फेडरेशन संपलं. जानेवारी 1964 च्या निवडणुकीत सगळ्या प्रौढांना मत मिळालं, मुख्य मतदारयादीतल्या 65 जागांपैकी यूनिपला 55, एएनसीला 10, आणि न्कुंबुला विरोधी बाकांवर गेले. आघाडी तेवढ्या कामापुरतीच होती आणि काम झालं, याला तू अपयश म्हणतोस ते कसं काय?

खरी दुखरी बाजू वेगळीच आहे आणि ती तू लिहिलीच नाहीस. नेते एका टेबलाला बसले तरी कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, दोन्हीकडची पोरं 1963 मध्येही एकमेकांवर हल्ले करत होती. वरचा करार खाली कोणी समजावून सांगितला, कोणी नाही, ते शोध.

पुढच्या ड्राफ्टची सुरुवात मंत्रिपदांच्या तक्त्याने करू नकोस. कशावर एकमत झालं आणि काय मुद्दाम बाजूला ठेवलं ते आधी लिही. रविवारी फोन कर, त्या मतदारयाद्यांची भानगड एकदा नीट समजावतो.