आलेखातली अनिश्चितता: उभ्या रेघेच्या आधी एक प्रश्न

सरासरीच्या ठिपक्यावर उभी रेघ काढलीस, छान. पण ती रेघ नेमकी काय दाखवते, हे आलेखाखाली लिहिलंच पाहिजे. प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी आणि ९५ टक्के विश्वासांतर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दिसतात मात्र सारख्याच. विचलन सांगतं की मोजमापं किती पसरलेली आहेत. त्रुटी सांगते की सरासरीचा अंदाज किती पक्का आहे. आणि विश्वासांतर म्हणजे खरी सरासरी ज्यात असावी असा अंदाजाचा पट्टा. नमुना, म्हणजे मोजमापांची संख्या, चौपट केलास की त्रुटी निम्मी होते, विचलन साधारण तेवढंच राहतं. म्हणून केवळ रेघ लहान दिसावी यासाठी त्रुटी निवडू नकोस. वाचकाची ती फसवणूकच आहे.

दोन ९५ टक्के विश्वासांतरं एकमेकांवर आली म्हणजे त्या दोन गटांच्या सरासरीत फरक नाही, असं लगेच म्हणू नकोस. थोडी आली तरी फरक लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा, असू शकतो. फरकाचंच विश्वासांतर काढ.

नमुना लहान असेल तर सगळ्या मोजमापांचे ठिपकेच दाखव, मला तरी तेच सर्वांत प्रामाणिक वाटतं. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना ‘०.३ संभाव्यता’ऐवजी ‘१० पैकी ३ वेळा’ असं लिही. आणि ‘कदाचित’, ‘बहुधा’ यांच्या जोडीला आकडा दे, कारण हे शब्द प्रत्येकजण आपापल्या मापाने वाचतो.