प्रश्न बेसचा, गळती कार्डाची

पत्र थोडक्यात असं आहे. वय ३४, बारा वर्षं बेस गिटार वाजवणं हाच व्यवसाय. वर्षाला शंभरेक कामं, काही स्टेजवर तर काही स्टुडिओत. कर आणि प्रवासखर्च जाऊन हातात ८ लाखांच्या आसपास पडतात, पण वर्षातले तीन महिने जवळजवळ कोरडे जातात. घरखर्च महिना ४५ हजार. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी ३ वर्षांची. ३ लाखांची एफडी आहे, आरोग्य विमा आहे. हाताने घडवलेला एक पाच तारांचा बेस मनात भरलाय, किंमत ३.६ लाख. २४ महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' ईएमआयवर मिळतो, हप्ता १५ हजार, १० हजार देऊन बुकही करून ठेवलाय. सध्याचा बेस साधा, आठ वर्षांचा. केबल हलली की करकरतो, पाचव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तारा झणझणतात, पाचवी तार ढिली वाटते. नवा बेस हातात आला की स्टुडिओतली बरी कामं मिळतील, आणि अशा वाद्याची किंमत वाढतच जाते, म्हणजे ती गुंतवणूकच झाली, असं त्यांचं म्हणणं. विचारलंय एवढंच: ईएमआय घेऊ की एफडी मोडू?

आणि मग, सही करून झाल्यावर, ता. क.: "मुलीच्या शिक्षणासाठी एक गॅरंटीड पॉलिसी चालू आहे, मामेभावाकडून घेतलेली. वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षाच्या शेवटी १९ लाख. विमा १० लाखांचा. तीन हप्ते झाले, चौथा दोन महिन्यांनी आहे. ती मोडायची नाही, कारण आज मोडली तर सव्वा लाखच येतात, आणि भरणं थांबवलं तर मुदतीअखेर फक्त ४ लाख. मागचा हप्ता नेमका कोरड्या महिन्यात आला म्हणून कार्डावर भरला. त्यातले ८५ हजार बाकी आहेत, पण मिनिमम न चुकता भरतोय."

ईएमआयही नको, एफडीही नको. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. आता ता. क. बघू, कारण पत्रातलं खरं दुखणं तिथेच आहे.

"मिनिमम न चुकता भरतोय" हे तुम्ही शिस्त म्हणून लिहिलंय. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. १ लाखावर सुरुवात करून दहा महिने मिनिमम भरलंत, म्हणजे आतापर्यंत पंचेचाळीसेक हजार गेले असतील आणि मुद्दल फिटलं फक्त १५ हजार. उरलेल्या ८५ हजारांवर महिन्याला ३ हजार व्याज चालू आहे, वर्षाचे ३६ हजार. मिनिमम भरलं की बँक फोन करत नाही. एवढाच त्याचा उपयोग.

हे कर्ज काढून विकत काय घेतलंत? १० लाख भरून १९ लाख, "जवळजवळ दुप्पट". मामेभावाने हे कागदावर लिहून दाखवलं असेल, आकड्यांभोवती गोलही काढला असेल. पण पैसे एकरकमी जात नाहीत, दहा वर्षांत जातात, आणि परत विसाव्या वर्षाच्या शेवटी येतात. हिशेब केला तर परतावा चार-सव्वाचार टक्के पडतो. म्हणजे १ लाखावर वर्षाला ४ हजार मिळवण्यासाठी तुम्ही कार्डाला ३६ हजार देताय. गॅरंटी आहे हे खरं. चार टक्क्यांची गॅरंटी आहे.

शिक्षणाचं बघा. मुलगी झाल्या झाल्या पॉलिसी घेतलीत, पैसे ती विशीत असताना येणार. कॉलेजची पहिली फी सतरा-अठराव्या वर्षी भरावी लागते. शिक्षणाची म्हणून विकलेली पॉलिसी अर्धं शिक्षण झाल्यावर पैसे देते, आणि हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, घेणाऱ्याने विचारलं नाही. महागाई सहा टक्के धरली तर तेव्हाचे १९ लाख आजच्या ७ लाखांएवढे.

आणि विमा १० लाखांचा. तुमच्या घराचा वर्षाचा खर्च ५ लाख ४० हजार आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर पत्नी आणि मुलगी दोन वर्षंही काढू शकणार नाहीत. वर्षाला १ लाख भरून एवढंच संरक्षण घेतलेला माणूस माझ्याकडे साडेतीन लाखांच्या वाद्याचा प्रश्न घेऊन येतो, तेव्हा मला त्याचा राग येत नाही, पॉलिसी विकणाऱ्याचा येतो. मामेभावाशी भांडू नका. पुढच्या वेळी घरच्या माणसाकडून विमा घेऊ नका, म्हणजे नातंही राहील आणि प्रश्नही विचारता येतील.

मग पॉलिसी मोडायची का? नाही, आणि इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. आज हातात येणारे सव्वा लाख जागेवर ठेवले तर सतरा वर्षांनी ४ लाख होतात, म्हणजे वर्षाला सातेक टक्के. जोखीम नसलेल्या पैशाला हे बरे आहेत, राहू द्या. चूक पुढचे सात हप्ते भरण्यात आहे. ते ७ लाख घातले तर मुदतीअखेर ४ ऐवजी १९ लाख येतील, म्हणजे या नव्या पैशावर साडेपाच टक्के. वर्षातले तीन महिने ज्याच्याकडे काम नसतं, त्याने ठरल्या तारखेला १ लाख काढून द्यायचे, नाहीतर कार्डावर टाकायचे, आणि त्यावर साडेपाच टक्के मिळवायचे? पगारदाराला कदाचित चालेल. तुम्हाला नाही. कंपनीला लेखी कळवून पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि मुदतीअखेर ते ४ लाख.

मात्र लगेच नको. पेड-अप केली की १० लाखांचं कवचही कमी होतं. आधी १ कोटीची साधी टर्म पॉलिसी घ्या, जिच्यात शेवटी काहीच परत मिळत नाही अशी. तुमच्या वयाला वर्षाला १५ हजारांच्या आसपास पडेल, तब्येतीप्रमाणे आणि सवयींप्रमाणे थोडं कमी-जास्त. सिगारेट ओढत असाल तर अर्जात तसं लिहा. कार्यक्रमानंतरची एखादीसुद्धा लिहा. ती पॉलिसी हातात पडली की मगच जुनी थांबवा. दोन महिने आहेत, पुरतील.

सोबत अपघात विमा घ्या, ज्यात कायमच्या अपंगत्वाचं कलम नीट लिहिलेलं असेल. बोटांना किती टक्के भरपाई आहे तो तक्ता वाचा, तुमचं पोट डाव्या हाताच्या चार बोटांवर चालतं. पण वादकाला जास्त छळतात ते स्नायूबंध, आणि मनगट सुजून दोन महिने वाजवता आलं नाही तर अपघात विमा सहसा काही देत नाही. त्या दोन महिन्यांसाठी स्वतःचेच पैसे लागतात. म्हणून एफडीला हात लावू नका, एक अपवाद सोडून: आजच ८५ हजार काढून कार्ड बंद करा. मोडण्याचा दंड लागला तरी तो कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजाहून फार होणार नाही. उरले २ लाख १५ हजार, म्हणजे पाच महिन्यांचासुद्धा घरखर्च नाही. तुमच्यासारख्या कामात नऊ महिन्यांचा हवा, ४ लाख. ते जमेपर्यंत बाकी सगळं रांगेत.

आता बेस.

तुमच्या ८ लाखांतून घरखर्चाचे ५ लाख ४० हजार, पॉलिसीचा १ लाख आणि कार्डाचं व्याज ३६ हजार वजा केलं की उरतात सव्वा लाख. ईएमआय वर्षाला १ लाख ८० हजार. पन्नास-पंचावन्न हजारांचा खड्डा पहिल्याच वर्षी पडतो, आणि तो कुठे जाईल हे आपण वर पाहिलंच आहे. 'नो-कॉस्ट'बद्दल एवढंच सांगतो: रोख घेणाऱ्याला किती सवलत आहे ते विचारा. जेवढी सवलत, तेवढं व्याज.

स्टुडिओच्या कामांचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, "अरेंजर मला बोलावतात कारण मी वेळेवर येतो आणि चार्ट बघून पहिल्याच टेकला वाजवतो." बारा वर्षांत बेस साधा आहे म्हणून काम गेलं, असा एकही प्रसंग तुम्ही लिहिलेला नाही. असता तर लिहिला असता. एका कामाचे सरासरी ८ हजार धरले तर नुसता बेस फिटायला ४५ जास्तीची कामं लागतात. ती कोण देणार आहे, नाव सांगा.

किंमत वाढण्याबद्दल. फेंडर या अमेरिकी कंपनीच्या ज्या जुन्या वाद्यांमागे संग्राहक धावतात, ती बहुतेक १९६५मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली गेली त्याच्या आधीची. त्यांची किंमत वाढली कारण ती संपली. आजचं नवं वाद्य, कितीही हाताने घडवलेलं असो, दुकानाबाहेर पडताच जुनं होतं, आणि छोट्या कारागिराच्या वाद्याला दुसरं गिऱ्हाईक शोधणं फेंडर किंवा यामाहा विकण्याहून कठीण असतं. ज्यावर रोज वाजवून पोट भरायचं, ते अवजार आहे. अवजाराचा घसारा असतो, परतावा नसतो.

व्यावसायिक वादक स्वस्त बेस का वापरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, फक्त दुकानात उभं राहिलं की आठवत नाही. लिओ फेंडरने १९५१मध्ये प्रिसिजन बेस आणला तोच मुळी कारखान्यात निघणारा, नेक (तारांखालची दांडी) बोल्टने बसवलेला, भाग बिघडला तर बदलता येईल असा. त्यानंतर लाकूड कापायचं काम संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेलं आणि स्क्वायर, यामाहा, आयबानेझच्या मधल्या रांगेतले नेक इतके सरळ निघू लागले की महागड्यातला आणि त्यांच्यातला फरक मुख्यतः फ्रेटच्या कडा घासण्यात, पिकअपमध्ये (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागात) आणि वजनात उरला. शिवाय महागडं वाद्य विमानाच्या सामानात द्यायला, स्टेजमागे टेकवून ठेवायला हात धजत नाही. ते घरी राहतं आणि कामाला साधंच जातं.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हॅम्बुर्गमध्ये होफ्नर बेस घेतला तो साधारण ३० पौंडांना. फेंडर तेव्हा शंभरच्या आसपास होता. उधारीवर वाद्य घ्यायचं नाही हे वडिलांनी डोक्यात घट्ट बसवलं होतं, असं त्याने स्वतः सांगितलंय; बरोबरचे उधारीवर छान छान गिटार घेत होते. त्या होफ्नरवर पुढे काय काय वाजलं ते तुम्हाला सांगायला नको. तो बेस १९७२मध्ये चोरीला गेला आणि पन्नास वर्षांनंतर परत मिळाला, २०२४मध्ये ते जाहीर झालं. (वाद्याचा चोरीचा विमा आहे का तुमचा? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसणार. तोही बघा.)

तुमच्या बेसच्या तिन्ही तक्रारी दुरुस्तीच्या आहेत. केबल हलल्यावर करकर म्हणजे जॅक, केबल खोचायची जागा: त्याचं नट सैल होतं, जॅक आत फिरतो, सोल्डर तुटतं. तुटलेलं टोक परत जोडायचं, काम संपलं. पाचव्या फ्रेटपुढची झणझण म्हणजे बहुधा आठ वर्षांत फ्रेट खालीवर झिजलेत. आधी ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) आणि ॲक्शन (तारांची उंची) बघून घ्या, तरी राहिली तर फ्रेट समतल करून घासून घ्या. पाचवी तार, म्हणजे खालचा बी, सेकंदाला ३१ कंपनांच्या आसपास. ३४ इंची स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर, ती थोडी ढिली लागणारच. जाड तार लावून बघा, आणि पुढे कधी घेतलाच तर ३५ इंची स्केलचा वाजवून बघा. तसंही ऐकणारे बरेचसे फोनवर ऐकतात, आणि फोनच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच येत नाही. वरचे स्वरांश ऐकून कान तो भरून काढतो. ही सगळी दुरुस्ती तारांसकट तुमच्या एका-दोन कामांच्या मानधनात बसावी.

कार्ड बंद, हप्ते बंद, टर्म आणि अपघात विम्याचे वीसेक हजार जाऊनही तुमच्याकडे वर्षाला २ लाख ४० हजार उरतात. नऊ-दहा महिन्यांत राखीव ४ लाख पूर्ण होतात. मग मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा १० हजार इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात), कोरड्या महिन्यात थांबवता येतील असे. त्यानंतर बेसचं वेगळं खातं: पन्नास-साठ हजार जमले की मधल्या रांगेतला दुसरा बेस, म्हणजे कार्यक्रमात तार तुटली तरी हातात काहीतरी असेल. तरीही हाताने घडवलेलाच हवा असेल तर त्याच खात्यात महिना १० हजार टाका, तीन वर्षांत ३.६ लाख होतात. तेव्हा रोख घ्या, आवडतो म्हणून घ्या, मला विचारूसुद्धा नका.

बुकिंगचे १० हजार परत मागा. परत मिळत नाहीत म्हणाले तर तारा, बॅग, दुरुस्ती यांत वळते करून घ्या. तेही नाही म्हणाले तर सोडून द्या. ईएमआयच्या एका हप्त्यापेक्षा कमीच गेले.