नव्वद दिवस कोल्हापुरात, इथे पंधरा

प्रश्न : बेळगावच्या वडगावात आमचे घर आहे. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. वरच्या दोन खोल्या गोकाककडच्या एका कुटुंबाला महिना ६,५०० रुपयांनी दिल्या आहेत, ४०,००० रुपये डिपॉझिट घेतलंय. लेखी काही नाही. जूनपासून डिसेंबरपर्यंत सात महिने भाडे नाही. विचारले की 'डिपॉझिटमधून वळते करून घ्या' म्हणतो. कोल्हापूरचा पुतण्या म्हणतो नव्वद दिवसांची नोटीस लागते, त्याने नमुनाही व्हॉट्सॲपवर पाठवलाय. दीर म्हणतात, नळ तोडा, कुलूप घाला, आठवड्यात जातो बघ. शिवाय नोटीस मराठीतच द्यायची असा त्यांचा हट्ट. काय करू?
– एक वाचक, वडगाव

उत्तर : ताई, पुतण्याचा नमुना मी वाचला. कोल्हापुरात तो चालेल. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीसाठी नव्वद दिवसांची नोटीस आहे. पण राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की तो कायदा मागे राहिला. आपल्याकडे अर्ध्या घराची सोयरीक तिकडची, त्यामुळे लग्नपत्रिकेसारखे नोटिशीचे नमुनेही तिकडून येतात. महिन्याला एक तरी माझ्या टेबलावर पडतो.

इथे कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आहे. पण महिना ३,५०० रुपयांच्या वर भाडे असेल तर तो लागू होत नाही, आणि तुमचे ६,५०० आहे. म्हणून तुमची वाट १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधून जाते. लेखी करार नसेल तर राहण्याची जागा महिन्या-महिन्याच्या बोलीवर आहे असे कायदा धरतो आणि ती बोली पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने संपवता येते. दिवस मोजायचे ते नोटीस त्याच्या हाती पडल्यापासून.

या पंधरा दिवसांवर माझा स्वतःचा एक राग आहे. वकिलीची नवी नवी सनद होती तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या गोदामाची नोटीस मी काढली. भाड्याचा महिना ५ तारखेला सुरू व्हायचा, आणि मी ऐटीत लिहिले, 'या महिनाअखेरीस जागा खाली करा'. त्या वेळी नोटिशीची मुदत भाड्याचा महिना संपतो त्याच दिवशी संपावी लागे, म्हणजे ४ तारखेला. एवढ्या एका तारखेवर दावा गेला. पक्षकार मला काही बोलला नाही, नुसता कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला. २००२ अखेरच्या दुरुस्तीने हा सापळा काढला. आता नोटिशीत मुदत कमी पडली तरी दावा पूर्ण पंधरा दिवसांनंतर लावला असेल तर चालते. तरी मी अजून नोटीस काढताना कॅलेंडर समोर ठेवतो.

आता तुमची नोटीस. आधी मनाशी ठरवा, पैसे हवेत की खोल्या? नुसते पैसे हवे असतील तर थकबाकीची मागणी पुरे. खोल्या हव्या असतील तर 'भाडेकरूपण संपुष्टात आणत आहे' हे शब्द स्वच्छ यायला हवेत. 'भाडे द्या नाहीतर खोली सोडा' असे दोन दगडांवर पाय ठेवून लिहू नका. पैसे मिळाले तर त्याला ठेवणार की काढणार, यावरच पुढे वर्षभर वाद चालतो. यजमान गेलेत, तेव्हा तुम्ही आणि मुले, सगळ्या वारसांची नावे घाला. घराचा नंबर, चतुःसीमा, वरच्या दोन खोल्या, भाडे, आणि थकबाकी महिन्यावार : जून ६,५००, जुलै ६,५००, अशा सात ओळी, बेरीज ४५,५००. ढोबळ 'पन्नास हजार' लिहिलेत तर त्याचा वकील पहिल्यांदा तेच पकडेल. डिपॉझिट आपल्याकडे जमा आहे हेही लपवू नका. ते जागा सोडताना हिशेब करायचे पैसे. तसे ठरलेले नसेल तर भाडेकरूने एकट्याने ते भाड्यात वळवायचे नसतात. आणि वळवले तरी ५,५०० उरतातच. जुन्या थकबाकीवर तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे 'बघू पुढच्या दिवाळीला' नको.

दिरांना सांगा, कोणत्या भाषेत द्यायची हे कलम १०६ सांगत नाही. तुमचा भाडेकरू मराठी बोलतो, पण वाचतो का? मराठी-कन्नड पाट्यांचे भांडण आपण सगळ्यांनी केलंय, मीही केलंय. नोटीस मात्र समोरच्याला कळावी म्हणून असते. मी अशा वेळी कन्नडमध्ये काढतो आणि पक्षकाराला वाचायला मराठी प्रत देतो. इथल्या कोर्टात पुढे ती कन्नड नोटीसच कामाला येते.

पाठवायची पोस्टाने. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसकट स्पीड पोस्ट मागा. एक वडगावच्या पत्त्यावर, एक त्याच्या गावच्या. पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आले तर घाबरू नका, नकार म्हणजे पोचल्यासारखेच धरतात. पण ते पाकीट फोडू नका! लोक हौसेने फोडतात, आपलीच नोटीस परत वाचतात. बंद पाकीट, वरचा शिक्का आणि पोस्टमनचा शेरा, हाच पुरावा.

नोटीस गेल्यावर एक गंमत होते. एका सकाळी फोनवर टिंग वाजते, ६,५०० जमा, खाली लिहिलेले 'जानेवारी भाडे'. मुदत संपल्यानंतरचे भाडे गुपचूप घेतले तर नोटीस तुम्हीच सोडून दिली, असे तो त्याच कायद्याचे कलम ११३ दाखवून म्हणू शकतो. त्याच दिवशी उत्तर टाका : 'रक्कम नोटिशीतले हक्क राखून जमा केली.'

कुलूप आणि नळ? नको. कोर्टाच्या हुकुमाशिवाय बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत घेऊ शकतो, मग मालक कोण हेही कोर्ट त्या दाव्यात विचारत नाही. सात महिने तुम्ही सोसलेत आणि आरोपी तुम्हीच व्हाल. पंधरा दिवसांत नाही गेला तर दिवाणी कोर्टात ताबा आणि थकबाकीचा एकच दावा. खरे सांगायचे तर माझ्याकडच्या बऱ्याच नोटिशी तिथवर जात नाहीत; तो येतो, हप्ते मागतो. दिलेत तर सोडण्याची तारीख स्टॅम्पपेपरवर, दोघांच्या सह्यांनी.

प्रश्न : शहापुरात वडिलांपासून आम्ही भाड्याने आहोत, महिना १,२०० रुपये. मालकाने व्हॉट्सॲपवर चार महिन्यांच्या थकबाकीची नोटीस टाकली. ही धरायची का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : कलम १०६ मध्ये पोस्ट आहे, हातात देणे आहे, घरातल्या माणसाकडे देणे आहे, आणि काहीच जमले नाही तर जागेवर चिकटवणे आहे. व्हॉट्सॲप त्यात नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त झोपू नका. तुमचे भाडे १९९९ च्या कायद्यात बसते, आणि त्यात रीतसर मागणी नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी भरली की त्या कारणावरून काढता येत नाही. ४,८०० रुपयेच आहेत. रीतसर नोटिशीची वाट न बघता आज बँकेतून पाठवा, कोणकोणत्या महिन्यांचे ते लिहा, आणि पावती मागा.