पंचवटीतले पाच वड खरंच रामाच्या काळातले आहेत का?

सीता गुंफेजवळचे पाच वड रामाच्या काळातले असल्याचं सांगतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी पंचवटीतच लहानाची मोठी झाले, म्हणून सांगते.

आज दिसणारं खोड तितकं जुनं असेल असं मला वाटत नाही. पण म्हणून ते झाड खोटं ठरत नाही. वडाचं वय एका खोडावर ठरवताच येत नाही. पारंब्या मातीला टेकतात, जाड होतात, त्यांचीच खोडं होतात. मधलं जुनं खोड पोकळ झालं तरी झाड जगतं. तोडलेली फांदी रोवली तरी फुटते. नाशिककरांनी पिढ्यान् पिढ्या ही जागा वडाचीच ठेवली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

रामायणात अगस्त्य ऋषी रामाला पंचवटीची वाट सांगतात, तीही मोहाच्या वनाच्या उत्तरेने, वडाच्या रोखाने. म्हणजे तिथेही वड ही वाटेवरची खूण आहे. पिंपळ, बेल, वड, आवळा आणि अशोक मिळून पंचवटी, असंही एक मत आहे. आमच्याकडे मात्र पाच वडच मानतात आणि झाडांना क्रमांकही दिलेत.

लहानपणी वटपौर्णिमेला आजीबरोबर फेरे घालताना मी पारंबीचं टोक बोटात धरायची. पावसाळ्यात ते पिवळसर पांढरं, ओलसर आणि कोवळं असतं. आमच्या गल्लीतल्या वडाची अशीच एक पारंबी डोक्याला लागते म्हणून कापली. दिवसभर चीक गळत होता. मग बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधला. आता बाकीच्या पारंब्या खाली येतात आणि सिमेंटवर वाळतात. वडाचं म्हातारपण निभावणारी हीच मुळं, ती अशी जाताना बघवत नाही. २०२१ पासून राज्याच्या कायद्यात ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री धरतात. पण कुऱ्हाड लागली नाही तरी झाड असंही संपतं.

याल तेव्हा सकाळी लवकर या. काळाराम मंदिर करून चालतच गुंफेकडे जाता येतं. तांबडी फळं लागलेली असतील तर तांबट पक्ष्याचं टुक टुक ऐकू येईल. पाच आकडे मोजून झाले की जरा थांबा आणि कुठली पारंबी मातीपर्यंत पोचलीय ते शोधा.